रुखमाबाईच्या कोंबड्यांचा दाणा

रुखमाबाई माही शेजारीण. भल्ली जिद्दी बाई! एकदा मनात घेतलं का ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकणार नाही. कळमन्याच्या रस्त्यालगत आमची वस्ती, त्र्याऐंशी साल असेल. तिची एकुलती एक पोरगी प्रेमिला बाळंतपणाले माहेरी आली होती. दोनदा पोट पडलं होतं बिचारीचं. या खेपेस लेकरू हाती लागलं पाहिजे, बस, मायले दुसरं काही सुचतच नव्हतं. घरच्या कोंबड्याइचे अंडे रोज पोरीच्या ताटात.

वस्तीच्या टोकाले भैयाजीचा कारखाना. प्लास्टिकच्या फुटक्या बादल्या, तुटक्या चपला मशीनीत टाकायच्या अन् बारीक तुकडे करून पोत्यात भरायचे. त्या तुकड्याइले तिथं सगळे 'दाणा'च म्हणत. पोते मात्र बाजारातले जुने, ज्वारी-तुरीचे. भरायच्या आधी ते अंगणात झटकले का त्यातून खरा दाणाही पडे. झालं! रुखमाबाईनं कोंबड्या तिकडं सोडल्या.

"मावशी, प्लास्टिक खाऊन राहिल्या वं त्या," मी म्हणलं.

"तुले काय समजते वं? कोंबडी खडे खातेच. खड्याइनंच तिच्या पोटात दाणा दळल्या जाते."

आता बोला! मले राग आला, पण बाई खोटं बोलत नव्हती. कोंबड्याही गुटगुटीत झाल्या होत्या.

नववा लागला. पोरगी फिक्की पडली म्हणून रश्श्यासाठी रुखमाबाईनं एक कोंबडी कापली. कोंबडीच्या पोटात दाणा दळायची जाड पिशवी राहते, ती चिरली अन् "माय वं!" करून मागं सरली. खड्याइत लाल, निळे तुकडे, झिजून मोहरीएवढे झालेले. त्याच्या खाली कातडीले चिकटलेलं रंगीत पीठ. बोटानं चोळलं तर तिथंच दिसेनासं होई. तिनं धुतलं, परत धुतलं. मग दुसरी कोंबडी कापली. तिच्या पोटातही तेच.

मग तिनं टोपलीतलं एक-एक अंडं थाळीत फोडून उन्हात नेलं. पिवळं ते पिवळं, पांढरं ते पांढरं. मले हायसं वाटलं, ती मात्र जास्तच घाबरली.

"आई, काहून अंडे नासून राहिली वं?" प्रेमिलानं आतून विचारलं.

"काही नाही, बाई. पडून राय तू."

त्या दिवसापासून पोरीच्या ताटात अंडं नाही.

पोरगी झाली. धडधाकट, सारी वस्ती उठवीन असा आवाज! आम्ही गूळ वाटला. रुखमाबाई मात्र लेकराचं शीनं भरलेलं दुपटं घेऊन परसात गेली अन् उन्हात पसरून काडीनं उकरत बसली.

"काय पाहून राहिली, मावशी?"

"रंग."

"दिसते का?"

"नाही."

"मग सुटली ना! काहून जीव टांगणीले लावते?"

तिनं माह्याकडं असं पाहिलं का मले भेवच वाटलं. "दळलेलं कधी दिसते काय वं? अंड्यात तरी कुठं दिसलं होतं?"

आत लेकरू रडलं. आम्ही दोघी दारात गेलो तर प्रेमिला पदर सारून त्याले छातीशी घेऊन राहिली होती. "थांब" म्हणायले रुखमाबाईनं तोंड उघडलं, दूध त्याच अंड्याइवर आलेलं. पण थांबवून पाजायचं काय?

"पाय वं आई," प्रेमिला हसून म्हणे, "कशी लुचून राहिली!"