जानवशात वाजलेली जॅझ

माझं लग्न दुष्काळात झालं, आणि मोडता मोडता झालं. मोडलं असतं ते पत्रिकेवरून किंवा मानपानावरून नव्हे, मिलोवरून. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी. आमच्या नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या बाजूला त्या साली दुसरं काही शिजतच नव्हतं. सासऱ्यांच्या चुलीवरही तीच शिजत होती. पण आपल्या घरची मिलो ही भाकरी असते आणि व्याह्याच्या घरची मिलो हा अपमान असतो, हे ज्ञान मला बोहल्यावर चढण्याआधीच मिळालं.

वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. शाळा आमच्या घरासमोर, मध्ये फक्त रस्ता. मी मुंडावळ्या बांधून खिडकीला चिकटले होते. नवरदेवाला मी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर आधीच पाहिलं होतं. डोक्यावर मातीची पाटी घेऊन हसणारा त्या कामावर तो एकटाच. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे लग्न मोडलं असतं तर मी एवढी रडतेय कशासाठी, हेही मला सांगता आलं नसतं.

सकाळी जानवशात पिठलं आणि मिलोच्या भाकरी गेल्या. सासऱ्यांनी ताट सरकवलं आणि शाळेच्या ओसरीवर टाकलेल्या बाजेवर मांडी घातली.

"ह्ये मान्सांला वाढलंय का गुरांला? आमी हितून उठत न्हाई."

वडिलांनी हात जोडले. डोईचं पागोटं त्यांच्या पायाशी ठेवलं. सासऱ्यांनी पागोट्याकडे पाहिलं आणि मांडी आणखी घट्ट घातली. तिकडे भटजी मुहूर्त टळतोय म्हणून खोकून खोकून सुचवत होते.

शेवटी वडिलांनी बँड पाठवला. वाजतगाजत बोलावणं गेलं की व्याह्याला उठावंच लागतं, असा आपला समज. बँड नगरहून आला होता. आला म्हणजे चौघे आले, बाकीचे खडी फोडायला गेले होते. मास्तर म्हातारे, विटलेला लाल कोट, हातात ट्रम्पेट. तरुणपणी ते छावणीत गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये वाजवायचे. सकाळी चहा पिताना त्यांनी अख्ख्या मांडवाला व्याख्यान दिलं होतं.

"त्याला जॅझ म्हणत्यात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची. त्यांनी आपल्याहून वंगाळ दिवस काढले आन् त्यातून ही गानी काढली. मन पडलं की वाजवायची."

"मग यंदा तुमची सुगीच की वो मास्तर," माझी आत्या म्हणाली.

मास्तरांनी आधी सिनेमाची दोन गाणी वाजवली. सासऱ्यांनी डोळे मिटले. मास्तरांनी ओठ पुसले, आभाळाकडे पाहिलं (तिथेही काही नव्हतं) आणि ट्रम्पेट उचललं. हळू, लांबलचक, घसरत घसरत वर चढणारी कसलीशी धून सुरू झाली. ऐकून मला एकदम वाटलं, हा माणूस माझंच रडं वाजवतोय, पण मजेत.

नवरदेवाचे मामा निवृत्त हवालदार. ते पान लावत होते. धून कानावर पडली आणि पान हातातून पडलं. मामा ताडकन उठले, टाचा जुळवल्या, छाती काढली.

"उठा समदे," ते तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाले. "सलामी हाय. मी मेसच्या दारावर पहारा द्यायचो. ही लागली की साहेब लोक मडमांसकट उभं ऱ्हायचं."

वऱ्हाड उठलं. पोरं उठली, करवल्या उठल्या, वरमाईसुद्धा उठली. बाजेवर एकटे सासरे उरले.

"दाजी, सरकारी कामावर मजुरी खाता आन् सलामीला बसून ऱ्हाता? कुनी वर कळवलं तर?" मामा म्हणाले.

सासरे उठले. ते उभे राहताक्षणी वडिलांनी त्यांचा हात धरला, आत्यानं बाज उचलून थेट शाळेच्या मागे नेली, आणि मास्तरांनी तीच धून दुप्पट चालीत धरली. वऱ्हाड रस्ता ओलांडून मांडवात आलं. वरमाईची पावलं तालात पडत होती, हे त्यांनी पुढे जन्मभर नाकारलं.

लग्न लागलं. सासरी निघताना मी मास्तरांच्या पाया पडले आणि हळूच विचारलं, "साहेब लोक खरंच उभं ऱ्हायचं?"

"व्हय की," ते म्हणाले. "मडमांना घिऊन नाचायला."

पूजा झाली आणि आम्ही दोघं परत पाझर तलावावर. पाऊस नव्हताच, मिलो होतीच. ती धून गुणगुणली की पाटी हलकी होत नसे, पण नवरा माझ्या पाटीपेक्षा माझ्याकडे जास्त बघे. तेवढ्यावर दिवस निघे.

सासऱ्यांनी मात्र गावभर सांगितलं होतं, "म्या रुसवा सोडला न्हाई, सलामीला मान दिला." कुणाच्या सलामीला, हे कुणी विचारलं नाही. मीही मास्तरांचं उत्तर माझ्यापाशीच ठेवलं, कारण सासरे असेतोवर मला त्याचा फार उपयोग झाला. आमटीत मीठ कमी, भाकरी जाड, पाहुण्यांनी आधी राम राम घातला नाही, कशावरूनही ते बाजेवर मांडी घालून बसत. मी चुलीपुढे ती धून धरायची. ते मला खाऊ का गिळू बघायचे. दारात कुणी शेजारी असला की मग इलाजच नसायचा. गुडघ्यावर हात टेकून उठायचे.

उठले की मी पाट मांडायची आणि ताट वाढायची.