माझी दृष्ट काढ ना

पन्नास सालानंतरची गोष्ट. आमच्या घाटकोपरच्या चाळीत हळदीकुंकू असो की बारसं, आम्ही दोघी बहिणी घरी आलो की आई लगेच धाकटीची दृष्ट काढायची. धाकटी गोरी, घाऱ्या डोळ्यांची. मी सावळी. सावळी हे आता म्हणते. तेव्हा सगळे सरळ काळीच म्हणायचे. मीठ, मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या मुठीत घेऊन आई तिच्यावरून ओवाळायची आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकायची. मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्टबिष्ट काही नाही; वाससुद्धा आला नाही तर जबर लागलेली, असं सगळ्यांचं म्हणणं. धाकटीच्या वेळी वास कधी यायचाच नाही म्हणे. मी तेव्हा बाहेर गॅलरीत फुगून बसलेली असायचे, त्यामुळे खरं काय ते देवाला ठाऊक.

एकदा विचारलंच मी, "माझी का नाही काढत गं?"

भांडुपची आत्या आली होती. आईने तोंड उघडायच्या आत तीच हसली. "अगं, तुला गं कोण दृष्ट लावणार! तू आपली निर्धास्त!"

आईही हसली. मला कळेचना, हे चांगलं की वाईट? दृष्ट लागून धाकटीला ताप यायचा, मला काही व्हायचं नाही. म्हणजे मी नशीबवान? मग मेलं रडू कशाला येत होतं?

दोन दिवस डोकं खाजवून मी थाप मारली. "आई, समोरच्या काकू म्हणाल्या, मी किती गोड दिसते. आता माझं डोकं दुखतंय."

आईने असं रोखून पाहिलं की वाटलं, बसतोय आता धपाटा. पण ती उठली. मला पाटावर बसवलं, मीठमोहरी घेतली. मिरच्या दोन नाही, चांगल्या पाच घेतल्या. "आल्यागेल्याची, शेजारच्यापाजारच्याची..." असं पुटपुटत ओवाळलं आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

असा खाट उठला म्हणता! धाकटी खोकत बाहेर पळाली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "अहो, जाळताय काय?" मी श्वास कोंडून बसले. एकदा खोकले की संपलं. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तोंडात पदर कोंबलेला, खांदे गदगदा हलत होते. जरा वेळाने पदर काढून ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वाससुद्धा नाही गं बाई! केवढी दृष्ट लागली होती माझ्या लेकीला!"

आणि मला खोकला आला. थांबेचना. आई पाठ चोळत पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. तिला घट्ट मिठी मारावी की ढकलून द्यावं, काही कळत नव्हतं. आत्या हसली तेव्हा राग आला होता, पण तिचं मी खरं मानलं नव्हतं. ते मानलं त्या संध्याकाळी, आई माझ्यासाठी इतकं खोटं बोलली म्हणून.