कोहळ्यावरची बोली

बाजारात मोठं कोहळं दिसलं की ती घटना आजही आठवते, आणि मला हसू येतं.

मी तेव्हा मेळघाटाच्या पायथ्याशी ठाणेदार होतो. नगरपालिका निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. सकाळीच ठाण्यात एका बाईचा फोन आला. "साहेब, आज चर्चमंदी हंगामाचा सण हाय. कोहळ्याच्या नावानं मतं इकत घेतील, पाहा." नाव न सांगता तिने फोन ठेवला. स्टेशन डायरीत नोंद करून मी साध्या वेशात निघालो.

या सणाला ख्रिस्ती मंडळी घरचं पीक देवाला वाहतात आणि मग त्याचा लिलाव करतात. पैसा चर्चचा. त्या वर्षी छत गळत होतं, म्हणून बोली जोरात. एका लिंबावर अर्धा तास हशा पिकला. वांग्यांची टोपली तर माझ्याच गळ्यात पडली!

मग कोहळं आलं. त्याच मंडळीतला एक कंत्राटदार निवडणुकीला उभा होता. तो म्हणाला, "अख्ख्या छताचा खर्च माह्याकडे. फक्त पाळकसाहेबांनी इथंच सांगावं, मतं मले द्या."

हसणं थांबलं. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, एकदा ओल्या छताकडे पाहिलं. मी ओळख दिली आणि उमेदवाराला बाजूच्या खोलीत नेलं.

"साहेब, मी देवाले देऊन राहिलो. त्यात गुन्हा कायचा?"

"देवाचं नाव मतदारयादीत आहे का?"

"नाही."

"मग पाळकांनी तुमचं नाव कशाला घ्यायचं?"

तेवढ्यात त्याची आई चहा घेऊन आली. मिशनच्या दवाखान्यातली निवृत्त नर्स.

"फोन मीच केला, साहेब. पोरगा माहा हाय, पन चर्च माह्या पोराचं नाही." मग ती लेकाकडे वळली. "देवालेच द्याचं असंल त निकालानंतर दे. देव कुठी पळून नाही चालला."

पैसा अजून त्याच्या हातातून सुटला नव्हता. त्याने सर्वांसमोर बोली मागे घेतली. म्हणून मी त्याला समज देऊन सोडलं आणि निवडणूक अधिकाऱ्यांना अहवाल पाठवला. कोहळं म्हातारीने अकरा रुपयांत घेतलं. त्याची भाजी आम्ही सगळ्यांनी खाल्ली, उमेदवारानेसुद्धा.

निवडणुकीत तो सपाटून पडला. पुढच्या हंगामाला मला आवर्जून बोलावणं आलं. पाहतो तर छत नवंकोरं, आणि दात्याच्या नावाची पाटी कुठेच नाही. पाळकांना विचारलं, तर म्हणाले, "पैसे दानपेटीत आले." म्हातारी मान खाली घालून कोहळं चिरत होती आणि गालात हसत होती.

दान कोणतं आणि सौदा कोणता, हे ओळखायला तिच्या बोलण्यातून निघणारा एक प्रश्न पुरतो: निकालानंतर देशील का? आयुष्यभर मी नावं शोधण्याचा पगार घेतला. त्या दिवशी मात्र तपास तिथेच थांबवला आणि पुन्हा वांग्यांवर बोली लावली.