याकोबमामांचा दुसरा बॅरिटोन

टेम्पो मागे घेताना चाकाखाली काहीतरी करकरलं, तेव्हा कल्याणला वाटलं, नारळाची करवंटी असेल. लग्नघरापुढं करवंट्यांना काय तोटा! उतरून बघतो तर याकोबमामांचा बॅरिटोन सॅक्सोफोन भाकरीसारखा चपटा झालेला. भिंगारच्या त्यांच्या बँडात रिवाजच होता: सगळी वाद्यं आत गेली की बॅरिटोन सगळ्यांच्या वर ठेवायचा, तोवर तो टेम्पोच्या मागं उभा. अकरा वर्षं हे बघत आलेला कल्याण नेमका त्या दिवशी विसरला.

मुद्दाम नाही केलं, हे तो शपथेवर सांगायचा. वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं असतं, तर मात्र शपथ घेताना जरा अडखळला असता.

बँडात कल्याणची क्लॅरिनेट. गाण्याची चाल तीच उचलते, घाम त्याचाच गळतो, आणि वरात संपली की नवरदेवाचे काका विचारणार, "तो मोठ्ठा भोंगावाला कोन हो?" भोंगावाले म्हणजे याकोबमामा. लष्कराच्या डेपोतून निवृत्त झालेले सुतार, वय चौसष्ट, अंगानं काडी. गळ्यात बॅरिटोन अडकवला की कोण कुणाला धरून उभं आहे ते कळत नसे. चर्चमधल्या उरलेल्या मेणबत्त्यांचं मेण ते त्याच्या तोंडाकडच्या बुचाला चोळत, थंडीत त्याला दुलई घालत. रोझीमामी म्हणायच्या, "तीस वर्सं संसार केला, मला कदी शाल पांघरली न्हाई ह्या मानसानं."

मोडतोड झाल्यावर तीन लग्नं मामांनी खुळखुळे वाजवले. केडगावच्या लग्नात एक बाई म्हणाली, "आज क्लॅरिनेट काय गोड वाजली!" कल्याणनं ते सगळ्या भिंगारला ऐकवलं. मामांना दोनदा.

चौथ्या लग्नाआधीच मामांनी दोन जुने बॅरिटोन हुडकले. एक केडगावच्या दुकानात, नव्यानं मुलामा दिलेला, नवरीसारखा चकचकीत. दुकानदारानं एक दिवस पारखायला दिला. दुसरा पुणतांब्याला, साळूबाईंकडं. त्यांचे मालक बँड चालवायचे. ते गेल्यापासून बाजा ज्वारीच्या कोठीमागं पडून. काळवंडलेला, पोचे आलेला. चकचकीत बाजा टेम्पोत घालून दोघं पुणतांब्याला निघाले. वाटभर कल्याण मनात एकच घोकत होता: मामांनी हा चकचकीत घ्यावा, आणि घेतल्यावर तो फुसका निघावा.

साळूबाईंच्या खाटेवर दोन्ही बाजे शेजारी शेजारी निजवले. मामांनी दार लावून घेतलं, खिडकीवर पोतं टांगलं आणि वायरीला बांधलेला बारका बल्ब खिशातून काढला. हा नळीत सोडायचा आणि झाकणं दाबायची. जिथून उजेड फुटेल तिथून हवा जाणार.

"कल्या, माज्या डोळ्यात मोतीबिंदू. तू बघ."

कल्याणनं बघितलं. चकचकीत बाज्यात तीन ठिकाणी उजेड. चाळणीच म्हणा ना.

"काय दिसतंय?"

"काय न्हाई मामा. गच्च बसलाय."

मग काळवंडलेला. आत मिट्ट अंधार. एका झाकणाखालूनही उजेडाचा कण येईना.

"ह्याच्यात दोन ठिकानी फुटतोय. न्हाई, तीन."

"आस्सं," म्हणून मामांनी दार उघडलं.

मग दोन्ही बाजे वाजवून बघितले. जोरात नाही, जोरात फुंकलं तर गळका बाजासुद्धा बोलतो. सगळ्यात खालचा सूर, अगदी हळू, झोपलेल्या लेकराशेजारी वाजवावा तसा. चकचकीत बाजा दमेकऱ्यासारखा खोकला आणि गप्प झाला. मामांनी तोंडाशी बसवायची वेताची पट्टी काढून काळ्याला लावली. पुन्हा तेवढाच श्वास. पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. मग मांडणीवरची ताटं बारीक गुणगुणू लागली. साळूबाई चुलीपुढनं उठून आल्या आणि दारात पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

"ह्यांच्यागत वाजला," एवढंच म्हणाल्या.

कल्याणच्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्याचाही त्याला राग आला.

"मामा, चकचकीतच घ्या. वरातीत दिसायला पायजे. वरनं ह्याच्यात तीन ठिकानी..."

मामांनी ऐकलंच नाही. काळा बाजा त्यांनी स्वतःच्या उपरण्यात गुंडाळला.

परतताना टेम्पो ते स्वतः चालवत होते, त्याच मोतीबिंदूच्या डोळ्यांनी. परत द्यायचा चकचकीत मागं, काळा बाजा दोघांच्या मध्ये बसलेला, कल्याण दाराला चिकटलेला. राहुरी आली. शेवटी कल्याणला राहवेना.

"मामा, तुमचा बाजा नव्हता तवा केडगावची बाई माज्या क्लॅरिनेटला काय म्हनली, ऐकलं व्हतं ना तुमी?"

मामांनी गिअर बदलला.

"ऐकलं, म्हनून तर एवढी घाई केली."