साहेब म्हणाला, ‘वेल’

डोणगावच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात इंग्रजी येणारा माणूस मी एकटाच होतो, त्यामुळे माझं इंग्रजी चुकतं हे सांगणारं कोणी नव्हतं.

बुलढाण्याला शिकून मी मॅट्रिकला नापास झालो, तेव्हा बाबांनी गावात गूळ वाटला. नापास झाला म्हणजे परीक्षेला बसला तर होता, असं त्यांचं म्हणणं. बाबा गावचे पाटील. माझे सासरे साखरखेर्ड्याहून आले, की बाबा मला ओसरीवर उभं करून इंग्रजी बोलायला लावत, आणि मी इंग्रजी महिने म्हणून दाखवत असे. सासरे मान डोलवत. (ऑगस्ट त्यांना विशेष आवडे.)

त्या उन्हाळ्यात मोठा साहेब दौऱ्यावर यायचा होता. गोरा, नुकताच वऱ्हाडात बदलून आलेला. आमच्या गावच्या विहिरी होळीलाच आटत. मग बायका कोसभर चालत जात, नदीच्या वाळूत झिरे उकरत आणि वाटीवाटीनं घागर भरत. साहेबाकडे एक खोल सरकारी विहीर मागायची, असं गावानं ठरवलं होतं.

साहेब आला, पण त्याचा दुभाषा कारकून तापानं मेहकरलाच राहिला. हे कळताच बाबांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या तापानं इतका आनंदलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"पाह्यजा इवाई, आता आपलं पोट्टं बोलते," ते साहेबासाठी मुद्दाम आलेल्या सासऱ्यांना म्हणाले आणि मला बाजूला घेतलं. "दुसरं काई बोलू नको. विहीर तेवढी मांग. विहिरीले काय म्हनते विंग्रजीत?"

"वेल."

"बस. तेवढंच ध्यानात ठेव."

मी तेवढंच ध्यानात ठेवलं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

साहेब घोड्यावरून उतरला, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, "वेल, पाटील..." पुढेही तो बराच बोलला, पण मला हवा तो शब्द मिळाला होता.

"विहीर म्हनते, बाबा."

बाबा थक्क झाले. "आपुन मांगाच्या आधीच? चाल, दाखवू."

आम्ही त्याला आमच्या विहिरीवर नेलं. साहेबानं वाकून पाहिलं. तळाशी एक फुटकी बादली आणि एक सरडा, दोघंही कोरडे. साहेब मान हलवत पुटपुटला, "वेल, वेल."

"दोन म्हनते."

दुसरी दाखवली. तीही कोरडी. साहेबानं घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जरा तुटकपणे म्हणाला, "व्हेरी वेल."

"लय विहिरी पाहाच्या हायेत त्याले," मी सांगितलं.

"असा हाकीम पाह्यला नाही," सासरे गहिवरून म्हणाले.

मग मारुतीमागची विहीर झाली, मळ्यातली झाली, गाढव पडलं होतं तीही झाली. मागून अर्धं गाव चाललेलं. ऊन डोक्यावर आलेलं. प्रत्येक काठावर साहेब ‘वेल’ म्हणायचा, दर वेळी वेगळ्या सुरात. शेवटचा सूर तर मला शिवीसारखा लागला, पण शब्द तोच होता, त्यामुळे माझा नाइलाज होता.

शेवटी लालबुंद झालेल्या साहेबाला घेऊन आम्ही घरी आलो. तोवर ‘साहेब वेल वेल करून राह्यला’ ही बातमी माझ्या मायपर्यंत पोचली होती.

"मंग त्याले उन्हात काऊन फिरवून राह्यले?" ती बाबांवर करवादली. "वेल तर आपल्या परसात हाय."

साहेबाला तिनं थेट परसात नेलं. तिथे भांड्यांच्या धुणावर जगवलेला वाळकांचा वेल होता. तिनं एक टपोरं वाळूक तोडलं, पदरानं पुसलं आणि साहेबाच्या हातात ठेवलं. साहेब तिथेच उभ्यानं ते खाऊ लागला. रस मिशांवरून ओघळला. डोळे मिटून तो म्हणाला, "वेल!"

माय माझ्याकडे वळली. "पाह्य. मले समजलं. तू शिकून काय केलं?"

मग साहेब ओंजळ तोंडाकडे नेत म्हणाला, "वॉटर?" हा शब्द मला पक्का येत होता. मायपुढे गेलेली अब्रू परत मिळवायची हीच वेळ होती. मी छाती काढून सांगितलं, "नो वॉटर, सर. ऑल वेल. ऑल वेल ड्राय!"

साहेब खायचा थांबला. माझ्याकडे, मग वेलाकडे, मग नदीकडून रिकाम्याच वाटाव्यात अशा घागरी घेऊन येणाऱ्या बायकांकडे त्यानं पाहिलं. आणि तो हसू लागला. इतका, की कुडाला टेकला. मग सासऱ्यांकडे वळून त्यानं सरळ विचारलं, "कुआँ में पानी नहीं?"

"नहीं, साहेब. सब सूखा. बाई लोक नदीहून लाते."

दोघांचं बराच वेळ छान चाललं. मी मधे दुभाषा म्हणून उभा होतो.

निघताना साहेबानं बाबांचा हात हातात घेतला, घोड्यावर बसला आणि हसतच म्हणाला, "फेअरवेल, पाटील!"

"काय म्हनते?" सगळं गाव माझ्या तोंडाकडे पाहू लागलं.

फेअर म्हणजे चांगली. "चांगली विहीर देतो म्हनते," मी ठासून सांगितलं.

आणि दिली. पुढच्या उन्हाळ्याआधी सरकारी विहीर झाली, तिला गोड पाणी लागलं, आणि मायनं पहिली घागर डोक्यावरून मिरवत आणली. बाबा पुढे कितीतरी वर्षं वाटसरूंना थांबवून पाणी पाजत आणि सांगत, "माह्या पोरानं विंग्रजीत मांगून आनली ही विहीर." त्यांची मान तेव्हा अशी ताठ होई, की मलाही ते पटे. खरं सांगायचं तर आजही पटतं.

त्या ‘फेअरवेल’चा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. मी तेव्हा एका शाळेत मास्तर होतो आणि तो मला माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं सांगितला. विषय अर्थात मी इंग्रजीच शिकवत होतो.