आयल्साचा चिमटा

आयल्सा म्हटलं की आमच्या भागातली माणसं तिच्या स्पंज केकची आठवण काढतात. केक डोंबलाचा! मला आठवतो तो तिचा कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. बावीस घरांचे डोळे उघडले त्या चिमट्यानं, आणि सगळ्यात आधी माझे.

साल एकोणीसशे एकसष्ट. ऑस्ट्रेलियात, पश्चिम क्वीन्सलँडात, शेजारीण म्हणजे सत्तेचाळीस मैल आणि सात फाटकं. फाटक उघडलं की मागं लावायचं, हा नियम आमच्याकडं देवाच्या दहा आज्ञांच्याही वरचा. एक जरी उघडं राहिलं तरी तुमची गुरं आमच्यात, आमची तुमच्यात, आणि मग पुरुष पंधरा दिवस घोड्यावर बसून शिव्या घालत फिरणार. फाटक उघडं टाकणाऱ्याला आमच्याकडं कुणी चहाला बोलवत नाही.

सकाळी सातला विमानवाल्या डॉक्टरांच्या तळावरचा क्लेम वायरलेसवर एकेका घराला हाक मारायचा आणि आम्ही ओळीनं म्हणायचो, "सगळं ठीक, क्लेम." पाय मोडलेला असला तरच वेगळं सांगायचं. मन-बिन असलं काही वायरलेसवर नसायचं, घरातही नसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! नऊला आम्हा बायकांचा गप्पांचा तास. पुरुष त्याला गलांचा थवा म्हणायचे. गला म्हणजे तो गुलाबी, कर्कश्श पोपट. म्हणेनात का! आमचं काय जात होतं?

त्या तासाची राणी आयल्सा. सगळ्यात मोठ्यानं हसणारी तीच. फक्त एक होतं, गाडीत बसली की तिला दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची. स्वतःच्या पहिल्या फाटकापलीकडं तिनं कधी गाडी नेली नाही. "काय गं, आज तरी फाटक ओलांडलंस का?" असं मी सगळ्यांच्या देखत, म्हणजे सगळ्यांच्या कानांदेखत, विचारायची. ती खिदळायची. बाकीच्याही खिदळायच्या. मला वाटायचं, नाजूक बाई, लाडावलीय नवऱ्यानं. असं वाटायचं मला, आता लपवून काय करू?

त्या दिवशी ती केकची कृती सांगत होती. आमच्या वायरलेसचं बटण दाबून धरलं तरच बोलणं जायचं, आणि दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्याचं काही ऐकू यायचं नाही. मग पिठात हात असले की आम्ही काय करायचो? बटणाला चिमटा लावायचो! क्लेम ओरडायचा, आम्ही ऐकायचो नाही. आयल्सा म्हणाली, "सहा अंडी, आणि भाजताना ओव्हनचं दार उघडायचं नाही हं बायांनो. चला, येते!" आणि चिमटा काढायला विसरली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला हसू फुटलं, आता हिचं गाणं ऐकायला मिळणार म्हणून. गाणं कसलं! ती रडायला लागली. साधंसुधं नाही, तोंडात कापड कोंबून रडतात ना, तसं.

"आजपण फसवलं सगळ्यांना, टॉफी," ती म्हणाली. टॉफी म्हणजे तिचा म्हातारा कुत्रा. "दमले रे मी. रोज सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले? काही झालेलं नसतं आणि छाती नुसती धडधडत असते. गसला काय सांगू? कुठं दुखतंय विचारेल. कुठं दाखवू?" मग अगदी शांत आवाज आला. "त्या फाटकापलीकडं चालत सुटावं. थांबूच नये."

मी बटण दाबून बोंबलले, "आयल्सा! अगं आयल्सा, मी थेल्मा!" तिला कुठलं ऐकू जायला! क्लेमचंही तेच, ग्वेन म्हातारीचंही तेच. बावीस घरांना ती ऐकू येत होती आणि तिला एकाचाही आवाज ऐकू जात नव्हता. तिचा नवरा गस तीन आठवडे गुरं गोळा करायला लांब मुक्कामाला गेलेला. थोड्याच वेळात तिची बॅटरी उतरत गेली, आवाज बारीक बारीक झाला आणि गेला. तिकडून लगेच क्लेमचा आवाज फुटला, "थेल्मा, सगळ्यात जवळची तू आहेस!"

"मग मी काय झोपलेय? निघालेच!" मी वसकले.

माझ्या नवऱ्याचा, आर्चचा, जुना ट्रक काढला आणि निघाले. पहिल्या फाटकाशी उतरले, उघडलं, पलीकडं गेले, सवयीनं लावायला परत उतरणार तेवढ्यात म्हटलं, खड्ड्यात गेलं फाटक! आणि दामटला ट्रक. दुसरं, तिसरं, चौथं. आरशात बघते तर आमची गुरं शहाण्यासारखी रांगेनं पलीकडं निघालेली. नाल्यात चाक रुतलं, फळी घालून काढलं. वाटेत मी मोठमोठ्यानं तिला शिव्या देत होते आणि देवाची विनवणीही करत होते, दोन्ही एकाच दमात.

घरात ती नव्हती. टॉफीला सावलीत बांधून त्याच्यापुढं पाण्याची दोन पातेली काठोकाठ भरून ठेवली होती. ती पातेली बघून मी धावतच घराला फेरी घातली. तिच्या चपलांचे ठसे धुळीत दिसत होते. ते धरून गेले, तर पलीकडच्या कुंपणाच्या फाटकाशी ती बसलेली. डोक्यावर टोपी नाही, हात कडीवर.

"थेल्मा? तू इथं कशी?"

"तुझा चिमटा, बये! चिमटा काढला नाहीस तू!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सगळ्यांनी ऐकलं?"

"बावीस घरांनी."

तिनं तोंड ओंजळीत लपवलं. मी शेजारी बसले, पाण्याची पिशवी तिच्या तोंडाला लावली. घोटभर पिऊन ती म्हणाली, सवयीनं, "फाटकं लावलीस ना मागची?"

"नाही."

"एखादं राहिलं?"

"सातही सताड उघडी आहेत."

तिनं मान वर केली. माझ्याकडं अशी बघत राहिली की जणू मी घर पेटवून आले होते. "सातही? माझ्यासाठी?" आणि मग कडीवरचा तिचा हात सुटला. मी तो घट्ट धरला. आम्ही दोघी भोकाड पसरून रडलो, चांगला अर्धा तास.

संध्याकाळी डॉक्टरांचं विमान उतरलं. सहा आठवडे ती शहरात होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा आजार आहे, बाई. मोडलेल्या पायाला आपण 'ऊठ, चाल, हिंमत धर' म्हणतो का?" मी मान खाली घातली. कारण वाटेत मी नेमकं तेच म्हणायचं ठरवलं होतं. आर्च पंधरा दिवस गुरं वेगळी करत होता, पण अवाक्षर बोलला नाही माणूस.

आणि दुसऱ्याच सकाळी काय झालं ऐका! क्लेमनं हाक मारली, ग्वेनचा नंबर आला. ती म्हणाली, "ठीक नाही, क्लेम. पोरगा गेल्यापासून सहा वर्षं मला नीट झोप नाही." मग पुढची म्हणाली, "माझंही ठीक नाही." मग तिच्या पुढची! सात वाजताची हजेरी नऊपर्यंत चालली. क्लेम बिचारा नाक शिंकरत होता. त्या दिवसापासून आमच्या हजेरीत "सगळं ठीक" म्हणायला बंदी झाली. काय असेल ते खरं सांगायचं.

आयल्सा परतली ती काही जादूनं बरी होऊन नाही. गोळ्या होत्या, दर महिन्याला डॉक्टरांशी बोलणं होतं. वाईट दिवस यायचे, तेव्हा ती सरळ सांगायची, "आज नुसती अंथरुणातून उठले, तेवढंच केलं." आणि आम्ही वायरलेसवर टाळ्या वाजवायचो, खरंच वाजवायचो! गाडीही शिकत होती. पहिलं फाटक आणि परत. दोन महिन्यांनी दुसरं. घाम फुटला की थांबायची, मोठ्यानं शंभर आकडे मोजायची, पुन्हा निघायची. चौथ्याशी वर्षभर अडकली. आठ वर्षांत पाचव्यापलीकडं काही गेली नाही, आणि त्यावरून तिला चिडवायची माझी आता छाती नव्हती.

एकोणसत्तरच्या मार्चमध्ये आर्च गेला. मी खंबीर बाई! सगळ्यांना रोज सांगायची, आज रडले, आज जेवले नाही. मग जूनमधल्या एका सकाळी क्लेमनं हाक मारली. सांगायचाही कंटाळा आला होता मला. म्हटलं, "सगळं ठीक, क्लेम." आणि वायरलेस बंद करून टाकला. भांडी तशीच, स्टोव्ह तसाच. ओट्याशी बसून राहिले. आदल्या रात्रीचे कपडेही बदलले नव्हते.

अकरा वाजले असतील. दक्षिणेकडं धूळ दिसली. एकच गाडी, कासवाच्या चालीनं, मध्येच थांबणारी, पुन्हा निघणारी. अंगणात येऊन ती आमच्या पाण्याच्या टाकीला धडकली. दार उघडून आयल्सा उतरली. घामानं निथळत होती, ओठ अजून आकडे मोजत होते.

"ठीक म्हणालीस तू," ती ओरडली, "ठीक! लाज नाही वाटत?"

मी दारातच उभी. मग सवयीनं एवढंच आलं, "फाटकं लावलीस ना गं मागची?"

"एकही नाही," आयल्सा म्हणाली.