मी मध्ये बोलले

पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा मला एकविसावं चालू होतं. तिथं शिवण शिकवणाऱ्या बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. नवऱ्यानं टाकलेल्या. पंचवटीत एका खोलीत एकट्या राहायच्या.

मुख्याध्यापिकेला आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांचा सगळा राग शिवणाच्या बाईंवर निघायचा. घंटा उशिरा झाली तरी, कुणी फळा पुसला नसला तरी. आणि या बाई हसायच्या. मान खाली घालून, ओठांतल्या ओठांत. मला ते बघवत नसे. या बाईला स्वाभिमान कसा नाही, असं मी घरी आईला म्हणायचे.

शाळातपासणीच्या आदल्या दिवशी मुलींनी शिवलेली झबली वर्गात मांडली होती. मोठ्या बाईंनी त्यातलं एक उचललं, शिवणीवर टरकन फाडलं आणि खाली टाकलं.

"हे शिकवता मुलींना? गोणपाटं शिवा तुम्ही."

सगळा वर्ग बघत होता. बाई हसल्या. "पुन्हा घालते टाके," म्हणत झबलं उचलायला वाकल्या.

मी दारात उभी होते. "मुलींसमोर त्यांना असं बोलू नका," मी म्हणाले.

मोठ्या बाई माझ्या शेजारून वर्गाबाहेर निघून गेल्या. माझे वडील वकील. शाळा चालवणाऱ्या मंडळींत त्यांचं उठणं-बसणं. मला कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत घरी गेले.

दिवाळीच्या सुट्टीआधी शिवणाच्या बाईंना सांगितलं गेलं, सुट्टीनंतर येऊ नका. त्यांचे तास मला दिले.

मी पंचवटीत त्यांच्या खोलीवर गेले. त्या ट्रंकेत लुगडी भरत होत्या. मालेगावला भावाकडे निघाल्या होत्या. भावजय किती दिवस ठेवून घेईल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मी तुमच्यासाठीच बोलले हो," मी म्हटलं.

"मला विचारायचंस तरी गं." आवाजात राग नव्हता. "आधीच्या शाळेत मी रडायचे. रडकी बाई नको म्हणून त्यांनी काढलं. मग हसायला शिकले. सहा वर्षं निभली त्यावर."

"मी राजीनामा देते."

"तो कशाला? मुलींकडे बघ तेवढं. टाके फार लांब घालतात."

राजीनामा मी दिला नाही. वडील म्हणाले, घाई करू नकोस; आणि खरं सांगायचं तर मलाही नोकरी सोडवत नव्हती. सुट्टीनंतर शिवणाच्या पहिल्याच तासाला एका मुलीनं विचारलं, "आपल्या बाई कधी येणार?"

"गावाला गेल्यात," मी म्हणाले.

मालेगावच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. तिसरं लिहायला बसले, पण काय लिहावं ते सुचेना.